फिरवून वाचायचा कागद

जुन्या कागदाला बंद कपाटातल्या लवंगेसारखा किंचित तिखट वास असतो. त्या ऑक्टोबरात इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या घरात तो वास, खिडकीबाहेरच्या कुजत्या पानांचा ओलावा आणि माझी अस्वस्थता यांचं असं काही मिश्रण झालं होतं, की मला धड एका खोलीत बसवत नव्हतं. ऑफिसातून आले की पत्रं मांडायची, पुन्हा आवरायची, चहा करायचा आणि प्यायला विसरायचा.

अमेरिकेतल्या जुन्या शेतवाड्यांच्या वाटणीची हस्तलिखित पत्रं जमवायचा नाद मला कुठून लागला, कोण जाणे! दोनशे वर्षांपूर्वीचे कोण कुठले बाप, त्यांच्या गायी, कुरणं, सफरचंदांच्या बागा. आणि मागे उरलेल्यांची सुबक अक्षरातली ओढाताण. नवरा चिडवायचा, "अगं, परक्यांच्या वाटण्या एवढ्या आवडीने वाचतेस, घरचं पाकीट कधी बाहेर काढणार?"

घरचं पाकीट म्हणजे मिलिंदचं, माझ्या धाकट्या भावाचं. बाबा गेल्यावर नागपूरच्या घरावरचा माझा हक्क सोडल्याचं, स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं हक्कसोडपत्र. सोबत दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. आमच्याकडे रीतच आहे, बहिणीने सही करायची आणि भावाने दिवाळीला साडी घ्यायची. फोनवर म्हणाला होता, "ताई, फॉर्मॅलिटी आहे गं. सही करून पाठवून दे." मला घर नको होतं हो! मला कुणीतरी विचारायला हवं होतं. सही केली तर त्या अंगणात मी पाहुणी, नाही केली तर मिलिंदला परकी. या कात्रीत महिना गेला.

त्यातच नॉटिंगहॅमच्या अँटीक फेअरमध्ये घेतलेलं एक पत्र माझ्या टेबलावर पडून होतं. पेनसिल्व्हेनियातल्या भावाने इंग्लंडात नांदणाऱ्या बहिणीला लिहिलेलं. आडव्या ओळींत रोखठोक मजकूर: वडील गेले, शेत माझ्या नावावर करायचं आहे, सही करून पाठव. सगळे मेले सारखेच, असं म्हणून मी ते बाजूला सारलं होतं. ओळींना छेदून जाणाऱ्या रेघा म्हणजे मागची शाई फुटली असणार, हेही ठरवून टाकलं होतं.

एका रविवारी दुपारी कलतं ऊन टेबलावर आलं, कागद सहज हातात फिरला आणि त्या रेघांचे शब्द झाले. टपालखर्च वाचवायला तेव्हाची माणसं कागद वळवून लिहिलेल्यावरूनच पुन्हा लिहीत, हे मला ठाऊक होतं, आणि तरी! कसलं डोंबलाचं कलेक्शन माझं! उभ्या ओळींत तो भाऊ सांगत होता, की आधीचं सारं लिहिताना त्याला लाज वाटली, वडिलांच्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही, तू एकदा येऊन जा, मग काय ते ठरवू.

मला रडूच कोसळलं. मग मिलिंदचा कागद काढला, उजेडात धरला, फिरवला. कुठेच काही नव्हतं. वकिलाने टाइप केलेल्या कागदावर तो बिचारा तरी कुठे काय लिहिणार?

मी तो आडवा केला आणि टाइप केलेल्या ओळींवरूनच लिहीत गेले: "मिलिंद, बाबांची आरामखुर्ची कुठे ठेवलीस? वेळेवर जेवतोस ना? डिसेंबरात येते. सही तुझ्यासमोर बसून करीन, पण आधी तू मला विचार."

स्टॅम्पपेपर बाद झाला. दुसऱ्या दिवशी तो पोस्टात टाकला, आणि तेव्हापासून फोन वाजला की हातातलं टाकून धावते. चिडेल की वाचेल, कुणास ठाऊक. वाचायला त्याला कागद तेवढा फिरवावा लागेल.