शिंग बैलाचं, सुई माझ्या मांडीत

काय सांगायचं तुम्हाला! फजिती माझी, म्हणून मीच सांगतो. दुसऱ्याने सांगितली तर तिखटमीठ लावेल.

माझ्या सर्ज्या बैलाच्या शिंगात कॅन्सर झाला. शिंग मुळापासून काढलं नाही तर बैल हातचा जाणार. साक्रीहून ढोरांचा डॉक्टर आला. वय केवढं? मिसरूडही धड फुटलं नव्हतं! बैलांच्या तीन पिढ्या मी राबवल्या, आणि हा मला मेंदू शिकवणार!

"आबा, जनावर बिथरलं की मेंदूत एक रस सुटतो. तो वरच्या थरातल्या पेशी जाग्या ठेवतो. हे इंजेक्शन त्या रसालाच अडवतं. पेशी गप्प, बैल गप्प. फक्त आरडाओरडा करू नका. दचकला तर पुन्हा उठेल."

"म्हणजे औषध तुमचं, आणि तोंड मी बंद ठेवायचं?" मी म्हणालो. "वा रे औषध!"

सुई टोचली. थोड्या वेळात सर्ज्याची मान लोंबली, लाळ गळायला लागली, पुढचे गुडघे वाकले.

आता आमच्याकडे बसला बैल म्हणजे गेला बैल! माझा हात आपसूक शेपटीकडे गेला. पिरगाळली! वर नांगरावर देतो तशी आरोळी, "हुर्रर्र सर्ज्या, ऊठ!"

उठला की हो! डॉक्टर शेणात.

"आबा, काय केलंत हे?"

"तुमचं औषध खोटं, ते दाखवलं."

तो दुसरी सुई भरून आला. मी शेपूट सोडली नव्हतीच. सर्ज्याने अशी मुसंडी मारली की ती सुई थेट माझ्या मांडीत!

"आबा, खाली बसा."

"मी? असल्या पाण्याने मला काय होतंय? मी कोण..."

मी कोण, ते सांगायचं राहूनच गेलं.

डोळे उघडले तर खाटेवर. जीभ चामड्यासारखी. डॉक्टर माझी नाडी धरून बसलेला, तोंड पांढरंफटक. समोर गोठ्यात सर्ज्या उभा, डोक्याला पट्टी. शिंग गेलं, बैल वाचला.

"त्याला दुसरी सुई कधी दिली?"

"दिलीच नाही. तुम्ही गप्प झालात, तसा तो आपणहून बसला. पहिलीच पुरली."

दारातून आमची मंडळी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "डॉक्टर, हाई औषध घरमा थोडं ठी जा. बैलपेक्षा यास्ले जास्त गरज शे!"

मी बोलायला तोंड उघडलं. सर्ज्याने कान टवकारले.

मिटलं.