त्यांच्या बोलीला टाळ्या, माझ्या बोलीला कात्री

"हे बाजारात म्हण. इथं यायचं तर आधी भाषा शुद्ध कर."

कॉलेजच्या गॅदरिंगची तालीम होती. सांस्कृतिक विभागाच्या सरांनी माझा कागद दोन बोटांच्या चिमटीत उचलला. माझी आई नासका बांगडा टोपलीतून बाजूला काढते, तसा. हॉल हसला. मागून कोणीतरी विचारलं, "बांगडो केवढ्याक गो?" मी मासे विकणारीची मुलगी, भाव मला पाठ होता.  कागद सरांच्या हातात सोडून स्टेजवरून खाली उतरले.

कागदावर मालवणी ओळी होत्या. गायच्या नाहीत, ठेक्यात बोलायच्या. आमच्या किनाऱ्यावर एका रिसॉर्टने तारेचं कुंपण घातलं होतं. तिथे आम्ही रापण ओढतो. जाळं पाण्यात सोडायचं, दोन्ही टोकांना माणसं लावायची आणि वाळूवरून मागे मागे सरत ते किनाऱ्याला आणायचं. मागे सरायला वाळू लागते. कुंपणाने तीच घेतली. पहिल्या दिवशी माझे वडील जन्माच्या सवयीने मागे सरत गेले आणि तार पाठीत रुतली.

पुढच्या आठवड्यात सरांनी वर्गात टेपरेकॉर्डर आणला. गोव्यात कोणा पर्यटकाने दिलेली कॅसेट. फ्रेंच रॅप. सर रंगात आले होते. फ्रेंचमध्ये रॅप रुजवणाऱ्या पहिल्या काही जणांतला हा ग्रुप, म्हणाले. बंदराच्या शहरातली पोरं, आईबाप बाहेरून पोटासाठी आलेले. राजधानीची ऐटबाज फ्रेंच यांनी मानली नाही, आपल्या गल्लीची बोली माइकवर आणली. आधी सगळ्यांनी नाकं मुरडली, आता अख्ख्या देशातली पोरं त्या बोलीत गातात.

"काय हिंमत!" सर म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तेच तोंड. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण त्या आवाजातला राग कळत होता. आणि संशयही येत होता. यांच्याही ओळी कोणीतरी कापल्या असतील. कापलेलं कॅसेटवर थोडंच ऐकू येतं?

मग रिसॉर्टवर फ्रेंच पाहुणे यायचे ठरले. सर स्वतः माझ्याकडे आले. तुझं ते मालवणी रॅप कर, म्हणाले. नऊवारी नेस, डोक्यावर टोपली घे. माझा कागद त्यांनी टाइप करून आणला. कुंपणाच्या ओळी गायब. विचारलं तर म्हणे, जागा पुरली नाही. खाली अर्धं पान कोरं होतं.

आईला दाखवलं. तिला वाचता येत नाही. कोऱ्या जागेवरून बोट फिरवत म्हणाली, "तेंका तुझा गाणा नको गो. तेंका तुझी टोपली होयी."

टोपली मी नेलीच नाही. रिसॉर्टच्या हिरवळीवर स्टेज होतं. पुढे पाहुणे, रिसॉर्टचा शेठ, सर, गावातले मानकरी. मी माइक घेतला आणि गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांच्या वतीने देवाला घालायचं साकडं. आमच्याकडे ते गावकाराने, गावच्या मानाच्या पुरुषाने घालायचं, बाईने नाही. पण गाऱ्हाणं सुरू झालं की माणूस आधी उठतो, हात जोडतो, प्रत्येक मागण्याला व्हय म्हणतो. कोण घालतंय हे नंतर बघतो.

"बा देवा म्हाराजा, ह्या दर्याक कोण मालक नाय."

"व्हय म्हाराजा." सगळे उभे.

"ज्येना आमची रापण वढूची जागा तारेन बांधल्यान, तेचा कुंपाण उपटून टाक रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

शेठही म्हणाला. हात जोडून, डोळे मिटून. डोळे उघडले तेव्हा चेहरा उतरला होता. माइक बंद झाला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, प्रार्थना. सरांनी कॉलेजच्या अहवालात लिहिलं, 'लोककलेचे सुंदर सादरीकरण'. चार दिवसांनी शेठचा निरोप आला, मुलगी हुशार आहे, पुढच्या वर्षीही बोलवू.

हा डाव मी ओळखते. आधी तोंड दाबायचं. दाबलं गेलं नाही, तर कौतुक करून गप्प करायचं. कॅसेटवरच्या त्या बंदरातल्या पोरांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. ते विकले गेले नसतील, अशी खात्री मी देणार नाही. माझी देते.

येणार नाही, असा उलट निरोप पाठवला. कुंपण अजून तिथेच आहे. रोज रापणीच्या वेळी मी त्याच्यासमोर उभी राहते आणि गाऱ्हाणं घालते. उरलेल्या वाळूत रापण ओढणारी बावीस माणसं हातातला दोर न सोडता व्हय म्हणतात. रिसॉर्टचा वॉचमन माझं नाव लिहून घेतो. घेऊ दे. तार निघेपर्यंत मी हलणार नाही.