एक निरोप शिल्लक

जळगावातल्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये माझा मित्र सकाळच्या बॅच घ्यायचा, मी संध्याकाळच्या. तो एरंडोलहून मोटारसायकलवर यायचा आणि मी पोहोचायच्या आत निघून जायचा. भेट होईना, म्हणून नव्वदीच्या शेवटी आम्ही एक साधा वेब सर्व्हर बनवला. दोन मशीन, मधे एक केबल. जावास्क्रिप्टने तेव्हा लोक पानावर घड्याळ फिरवत. आम्ही ती सर्व्हरवर चालवली. ब्राउझरमध्ये नाव टाकलं की सर्व्हर आपल्यासाठी ठेवलेला निरोप दाखवायचा आणि लगेच पुसून टाकायचा. पुसण्याची अक्कल माझी.

निरोप मेमरीतच राहत. मशीन बंद झालं की गेले. "फाईलमध्ये लिहायला लाव," तो सारखा म्हणायचा. मी चालढकल करायचो. शेवटी एका रविवारी भेटलो, तेव्हा यावरूनच आमचं वाजलं. "एवढी घाई असेल तर तूच लिही," असं मी त्याला तोडून बोललो.

सोमवारी दुपारी घरी जाताना तो ट्रकखाली गेला. संध्याकाळी पहिल्या पानावर माझ्या नावापुढे आलं होतं, 'निरोप शिल्लक: एक'.

मी तो उघडला नाही. त्याने शिव्या घातल्या असतील याची भीती होती, आणि एकदा वाचला की तो कायमचा संपणार, याची त्याहून जास्त. महिनाभर मशीन चालू ठेवलं. वीज गेली की इन्व्हर्टरच्या दिव्याकडे बघत बसायचो. त्या खोलीत एकटं बसणं नको वाटायचं, आणि उठवतही नसे.

त्याची आई भेटायला आली. "मन्हा पोऱ्या काही सांगी गया का?" एवढंच तिने विचारलं.

"आहे निरोप, अक्का. तुमच्यासमोरच उघडू."

तिने खंडेनवमीचा दिवस निवडला. यंदा घरी सण नव्हता, पण पोराच्या हत्याराला कुंकू लागलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी झेंडू आणायला गेलो आणि मला उशीर झाला. परतलो तेव्हा ती हळदीकुंकू लावून मशीनसमोर बसली होती. पडदा काळा.

"हत्यारले आज इसावा देनं पडस, भाऊ. कितला दिनफाईन चालू व्हतं. बंद करी दिन्हं."

चूक तिची नव्हती. बटण दाबू नका, हे मी पोरांना शंभरदा बजावलं होतं, तिला एकदाही नाही. मी मशीन सुरू केलं. माझ्या नावापुढे शून्य. ती पडद्याकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिखेल शे?"

"मायले सांग, वाट देखू नको, जेवी ले," मी म्हणालो. माझा आवाज त्याच्यासारखा निघाला, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

ती पदराने डोळे पुसत उठली. पुढे दर दसऱ्याला मी सोनं द्यायला एरंडोलला जायचो. शेजारीण म्हणायची, पूर्वी अक्का पोराची वाट बघत उपाशी बसायच्या, आता दिवेलागणीला जेवून घेतात. अक्का मला पाट द्यायची, आपलंही ताट वाढून घ्यायची आणि म्हणायची, "पोऱ्यानी सांगेल शे."

मी मान हलवायचो. तिने पहिला घास घेतला की मीही घ्यायचो.