पलंगाखालची तलवार

धारवाल्याला विडीचा नाद नव्हता की पत्त्यांचा. नाद एकच, फौजी साहेबांच्या जुन्या तलवारींचा. कुणाच्या माळ्यावर एखादी पडलीय असं कानावर आलं की चाक बंद करून स्वारी निघाली. बायको म्हणायची, "सवत आणली असती तरी एकच आणली असती. यांनी भिंतभर आणल्यात!"

बघायला येईल त्याला तो बजावायचा, "जुनं पातं घासायचं नाही हां. तेलाचं फडकं फिरवायचं आणि गप्प बसायचं."

हे ऐकूनच पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंनी आपल्या वडिलांची तलवार त्याला आणून दिली. वडील फौजेत साहेब होते. मुठीजवळ पात्यावर त्यांचं नाव कोरलेलं. बाईंचे डोळे गेले होते, मागंपुढं कुणी नव्हतं. म्हणाल्या, "नाव दिसत नाही, पण बोटाला लागतं. अधूनमधून येईन, तेवढं बोट फिरवू द्या."

"तुमचीच आहे, बाई," तो म्हणाला होता.

साहेबांची तलवार सलामीची, ती बोथटच असायची. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण धंद्याच्या हाताची खोड वाईट. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, आणि पात्यावर गंजाचा एक ठिपका दिसला. म्हटलं, एवढा काढू. ठिपक्याची जागा चकाकली, तसं बाजूचं मळकट दिसायला लागलं. मग बाजूचंही घासलं. पातं चाकावर आहेच, तर हातासरशी धारही लावली. भानावर आला तेव्हा पात्यात स्वतःचं तोंड लख्ख दिसत होतं, आणि नाव गेलं होतं.

तलवार पलंगाखाली ढकलली. बाई आल्या की म्हणायचा, "मूठ सैल झालीय, दुरुस्तीला दिलीय."

"सावकाश होऊ द्या," बाई म्हणायच्या. "तुमच्याकडे आहे, मला कसली काळजी?"

त्या दिवशी तो अर्ध्या ताटावरून उठायचा. बायको म्हणायची, पित्त झालंय.

एकदा बाई आल्या तेव्हा तो ओट्यावर कुणाची तरी कात्री धरून बसला होता. बाई आत जाऊन टेकल्या. तिथं बायको केर काढत होती. तिचा आवाज आला, "अगंबाई, यांचा विसरभोळेपणा तरी! पलंगाखालीच आहे की तुमची तलवार. घ्या बाई."

तो कात्री टाकून आत धावला. बाईंनी तलवार मांडीवर घेऊन म्यानातून काढली होती. एका हाताने मूठ धरून दुसऱ्या हातात पातं घ्यायची त्यांची जन्माची सवय.

"बाई, हात काढा! धार आहे!"

बाईंचा हात तसाच थांबला. "धार? बाबांच्या तलवारीला?"

"मी लावली."

"आणि नाव?"

बायकोने पातं पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. हातातली केरसुणी तिने खाली ठेवली.

"होतं तिथं माझं बोट ठेवा," बाई म्हणाल्या.

त्याने ठेवलं. बोट पुढं गेलं, मागं आलं. "जरा बाजूला तर नाही ना?"

"नाही, बाई. इथंच होतं."

"छान गुळगुळीत केलंत." त्यात टोमणा नव्हता. पोराच्या पाटीवरची बेरीज चुकल्यावर अक्षराला तरी चांगलं म्हणावं, तसा आवाज. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"घेऊन जा, बाई. तुमची आहे."

"आता माझी कशी ओळखू?" बाईंनी तलवार खाली ठेवली, काठी चाचपली आणि त्या उठल्या.

"अहो, पोचवून तरी या," बायको हळूच म्हणाली.

तो मागून निघाला, पण कोपराला धरायचा धीर होईना. चपला हातात घेऊन, पाऊल न वाजवता तो गल्लीभर चालला. जाणारे-येणारे बघत होते. आपल्या दारात बाई थांबल्या. मागं न वळताच म्हणाल्या, "चपला घाला, धारवाले. इथं काचा पडलेल्या असतात."