आवणीच्या खेळातली पंधरावी चूक

माझ्या दादानं अमेरिकेत बसून एक खेळ तयार केला आणि वेल्ह्याकडच्या पासली गावात बसून माझ्या आईनं त्यात चौदा चुका काढल्या. तो खेळ दुकानात कधी आलाच नाही. टीव्हीला जोडून घरी खेळायची यंत्रं तेव्हा तिकडं नवी नवी निघत होती, त्यातल्या एका यंत्रासाठी तो होता. ते यंत्र दोनेक वर्षांत गुंडाळलं गेलं आणि त्याच्यासाठी चाललेले खेळ जागच्या जागी थांबले, त्यात दादाचाही थांबला. असल्या विझलेल्या खेळांच्या याद्या करणारे शौकीन आता असतात म्हणे. त्यांच्या यादीत हा नसणार, म्हणून मीच सांगते.

वडील मी अगदी लहान असताना गेले. बौद्धवाड्यात आमचं दोन खणांचं घर, ओढ्याकाठी भाताची दोन खाचरं, आणि आई. आवणी, म्हणजे भाताची लावणी, आमच्याकडं सावडीनं व्हायची. आज सगळ्या बायका आमच्या खाचरात, उद्या सगळ्या शेजारणीच्या. त्या रांगेत आईचा दरारा होता. रोप वाकडं लागलं, दोन रोपांत जागा जास्त सुटली, की मान वर न करता ती ओरडायची. तिला कसं दिसायचं कोण जाणे. बायका चिडायच्या, पण आई रांगेत नसली तर त्यांना करमायचंही नाही.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. भोरच्या शाळेत शिकला, पुण्यात इंजिनिअर झाला, शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वेल्ह्याच्या शाळेत नववीत होते. आईला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे दादाची निळी हवाई पत्रं वाचायची आणि उत्तरं लिहायची, हे खातं माझ्याकडं होतं.

एका पत्रात चौकटी-चौकटीचा कागद घडी घालून आला. त्यातल्या काही चौकटी काळ्या केलेल्या. दादानं लिहिलं होतं, 'मला एक अख्खा खेळ करायला दिलाय. इतर सगळे विमानं आणि बंदुकांचे खेळ करतात. मी आपली आवणी घेतली. खाली काढलीय ती आवणी करणारी बाई. वरच्या खाचरातलं पाणी खाली उतरायच्या आत तिनं सगळं खाचर लावून संपवायचं. आईला विचार, बरोबर आहे का.'

बाई आठ चौकटी उंच आणि पाच चौकटी रुंद होती. आईनं कागद उजेडात धरला, आडवा केला, उभा केला. ते पंधरा-वीस ठिपके म्हणजे बाई आहे हे मला पटायला वेळ लागला. आईला लागला नाही. बाई कुठून कुठं जाणार ते दादानं बाण काढून दाखवलं होतं. आई त्या बाणावर बोट ठेवून म्हणाली, "ही पुढं कुठं निगाली? लावल्यालं तुडवीत?"

"आये, खेळ आहे तो."

"खेळ आसू दे न्हाईतर काय बी आसू दे. आवणी मागं सरत करत्यात. लिही त्याला. चिखलात लोळला जन्मभर, पर बघितलं न्हाई कदी मेल्यानं."

मग तिला ऊतच आला. रोपांची मूठ उजव्या हातात कशी, ती डाव्या हातात पाहिजे. डोक्यावर इरलं नाही, म्हणजे पाऊस पाठीवर घेणार का ही बया? बांध सरळ काढलाय. आपल्या डोंगरात सरळ बांध दाखव म्हणावं एक तरी. असं करत करत चौदा झाल्या. मी पत्राच्या कडेनं, घडीवर, मिळेल तिथं बारीक अक्षरात त्या लिहिल्या.

दीड महिन्यानं उत्तर आलं. नऊ चुका दुरुस्त केल्या होत्या. 'बांध वाकडा करायला यंत्रात जागा नाही,' असं लिहिलं होतं.

"येवड्या मोट्या अमेरिकेत जागा न्हाई?" आई म्हणाली.

पुढं होतं, 'बाईला मागं चालवणं मात्र अवघड आहे. सगळं उलटं नव्यानं लिहावं लागेल. पण आईचं बरोबर आहे. करतो.'

ते 'करतो' आईनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

तेव्हापासून आम्ही दोघी तो खेळ अंगणात खेळायला लागलो. सारवलेल्या जमिनीवर मी राखेनं चौकटी आखायचे. आईच्या ओंजळीत वाल, म्हणजे रोपं. मी पाणी. दहा आकडे मोजले की मी एक रांग हातानं पुसायचे, म्हणजे ती बुडाली. आई उकिडवी बसून चटाचट वाल ठेवत मागं सरायची आणि मी आकडे भराभर मोजले की खोटारडी म्हणून ओरडायची. तिला इतकं हसताना मी एरवी पाहिलेलं नव्हतं. नवऱ्याविना घर चालवणाऱ्या बाईला खेळायला कुणी बोलवत नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

नंतर एक छापील पत्रक आलं. पुढं निघणाऱ्या खेळांची चित्रं होती आणि शेवटच्या पानावर दादाचा खेळ. चित्रकारानं टोकदार टोपीतली, डोळे बारीक केलेली कुठली तरी बाई काढली होती. "ही कोन भवानी?" आई म्हणाली, पण पत्रक तिनं बुद्धाच्या तसबिरीखाली भिंतीला डकवलं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, लवकरच येत आहे. मी ते शाळेत सगळ्यांना सांगितलं. वर्गातल्यांना, बाईंना, एसटीतल्या कंडक्टरलासुद्धा.

आणि मग ते पत्र आलं. कंपनीनं यंत्रच बंद केलं होतं. 'माझा खेळ आता निघणार नाही. इथलं कामही सुटलं, दुसरीकडं लागलोय, काळजी करू नका. थोडा आधी तयार झाला असता तर कदाचित निघाला असता.'

मी मोठ्यानं वाचत होते. शेवटच्या वाक्यावर माझं डोकं फिरलं. उद्या शाळेत कुठल्या तोंडानं जाऊ, एवढंच मला दिसत होतं. मी पत्र आईच्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाले, "तुझ्यामुळं झालं हे. मागं चाल, मागं चाल. चालली असती पुढं तर काय बिघडलं असतं? त्याचं काम घालवलंस तू."

आईनं पत्र उचललं, घडीवर घडी घातली आणि डब्यात ठेवलं. वालाची ओंजळ पुन्हा तिनं कधी भरली नाही.

त्या साली आवणीला आई रांगेत होती, पण तिचं तोंड बंद होतं. शेजारणीची रोपं वाकडी गेली, तिनं पाहिलं आणि खाली बघितलं. बायका मला विचारायच्या, "काय गं, आय आजारी हाय का तुजी?" दादाला पत्र लिहायला बसलं की ती म्हणायची, "लिही, खुशाल हाय." आणखी काय लिहू विचारलं तर, "आनि काय न्हाई. उगा त्येचा येळ जातो." मला रडू यायचं. पण आमच्या घरात चुकले म्हणायची पद्धत नव्हती आणि मला तर तशी सवय मुळीच नव्हती. मी तिच्याआधी उठून पाणी भरून ठेवायचे, तिच्या पायाला तेल लावायचे, आणि जे बोलायला हवं ते सोडून बाकी सगळं बोलायचे.

शेवटी, वर्ष उलटल्यावर, मी तिला न विचारता दादाला लिहिलं. जे बोलले ते जसंच्या तसं लिहिलं, एक शब्द गाळला नाही. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं, 'दिवाळीनंतर येतो, आईला काही सांगू नकोस.'

तो आला तेव्हा बॅगेत कपडे थोडे आणि एक खोकं होतं. दुसऱ्याच दिवशी तो आम्हाला घेऊन निघाला. वेल्ह्याहून एसटी, नसरापूरला गाडी बदलून भोर. तिथं त्याच्या शाळेचे हेडमास्तर होते, निवृत्त झालेले, त्यांच्याकडं टीव्ही होता. कार्यक्रम संध्याकाळी लागायचे, त्यामुळे दुपारी टीव्हीला काही काम नसायचं.

"वर बसा हो बाई, खुर्चीवर," हेडमास्तर म्हणाले. आई सवयीनं जमिनीवरच बसली. तेव्हा हेडमास्तरांच्या बायको पदर खोचून तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

दादानं यंत्र जोडलं. खेळ भरलेलं, यंत्रात घालायचं ते नुसतं उघडं हिरवं सर्किटचं पान होतं, वर चिकटपट्टीवर त्याच्या हाताची अक्षरं. कंपनी फेकून देत होती, ते त्यानं मागून घेतलं होतं. पडद्यावरचं चित्र सारखं वर पळायला लागलं, तेव्हा मागचं बटण धरून ठेवायचं काम माझ्याकडं आलं. चित्र थांबलं. काळ्या खाचरात, वरच्या कडेला, पांढऱ्या ठिपक्यांची एक बाई उभी होती. मूठ डाव्या हातात, डोक्यावर इरलं.

यंत्राला दोन दांडे होते. एक दादानं आईच्या हातात दिला. "ओढ आपल्याकडं," तो म्हणाला. आईनं ओढला आणि बाई मागं सरली. तिच्यापुढं एक रोप उभं राहिलं.

आईनं एक रांग लावली. दुसरी लावली. तिसरी अर्धी झाल्यावर थांबली आणि पडद्याकडं बघतच तिनं विचारलं, "हिला मागं चालवायला तुला किती दिस लागलं?"

दादा खोटं बोलला नाही. "तीन आठवडे."

"त्यात गेला का रं तुजा खेळ?"

"न्हाई आये. माज्या आदी चार खेळ तयार व्हते. डबं छापून ठेवल्यालं. ती बी गेली. यंत्रच कुनी घेईना. म्या पत्रात उगा लिहिलं तसं, रागात व्हतो."

आईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. माझे दोन्ही हात बटणाला गुंतलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात. "आये, मी चुकले," मी म्हणाले. एवढं सोपं होतं ते, आणि मला दीड वर्ष लागलं.

"चित्र पळतंय, नीट धर," आई म्हणाली. मग दादाकडं वळली. "मंग सांगू का आनि येक? चौदा सांगितल्या तवा पंदरावी ऱ्हायली व्हती. फुडल्या पत्रात सांगायची म्हनून ठेवली, मंग गिळली."

"सांग की."

"ही येकटी का? आवणीला येकटी बाई कुठं आसती व्हय?"

दादा हसला. "दुसरी बाई काढायला जागा न्हवती, आये."

आई त्याच्याकडं बघत राहिली. "आनि तू?" ती म्हणाली. "तू बी तितं येकटाच की रं. काम सुटलं तवा बी येकटाच व्हतास."

दादाचं हसू गेलं. तो खाली बघून मान हलवायला लागला, हो म्हणून की नाही म्हणून ते कळेना. हेडमास्तरांच्या बायको उठून चहाचं बघायला आत गेल्या.

आईनं दुसरा दांडा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"आये, ह्यानं कायबी हलत न्हाई. येकाचाच खेळ हाय ह्यो."

"ठावं हाय मला. धर नुसता. माज्या शेजारी बस."

तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. आईनं पुन्हा दांडा ओढला आणि बाई मागं सरली. दादाही आपला दांडा तिच्याबरोबर ओढत राहिला. पाणी उतरायच्या आत त्या दोघांनी खाचर लावून संपवलं, आणि मी चित्र धरून ठेवलं.