मागच्या डाव्याचं हसू

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा हसायला लागला की शेजारी भिंत ठोकायचे. आधी खांदे हलायचे, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी आणि शेवटी स्वतःच्याच गुडघ्यावर थापा. लग्न ठरवायला तो घरी आला तेव्हा आमच्या वडिलांची कवळी चहाच्या कपात पडली, आणि हा असा हसला की मला वाटलं, मोडलं लग्न. पण वडीलही हसत सुटले, बिनदातांचे. पसंती तिथेच झाली.

तो शर्यतीच्या गाड्यांच्या एका संघात आहे. शर्यतीत गाडी चाकं बदलायला थांबली की चारही कोपऱ्यांवर माणसं तुटून पडतात. एक जण नट सोडतो, दुसरा जुनं चाक ओढतो, तिसरा नवं बसवतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी निघून जाते. मागचं डावं चाक बसवायचं काम याचं. म्हणून संघात त्याला मागचा डावा म्हणतात, आणि आमच्याकडेही तेच नाव रुळलं. मामाच्या दुकानात स्कूटरची पंक्चर काढत वाढलेला हा माणूस. त्या चाकापर्यंत पोचायला त्याचं अर्धं आयुष्य गेलं.

गेल्या वर्षी संघात कॅमेरे शिरले. शर्यतीच्या पडद्यामागचं खरंखुरं आयुष्य दाखवणारी मालिका करायची होती म्हणे. जेवताना कॅमेरा, भांडताना कॅमेरा, न्हाणीघराच्या दारापर्यंत कॅमेरा. आम्हाला मेलं कौतुकच फार. मालिका आली त्या दिवशी बहिणीकडे सगळे जमलो, खुर्च्या शेजारून मागवल्या.

चौथ्या भागात संघाच्या तरुण रेसरचा अपघात होता. गाडी वळणावर भिंतीवर गेली आणि त्याचा पाय मोडला. पडद्यावर धूर दिसला, मग तोंडावर हात धरून उभी असलेली त्याची आई, आणि लगेच आमचा मागचा डावा. पोट धरधरून हसत होता.

आम्ही सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागलो. तोच म्हणाला, हे त्या दिवशीचं नाही. ते हसू सरावाच्या वेळचं होतं, अपघाताच्या कितीतरी आधीचं. शेजारी तो रेसरच उभा राहून संघाच्या मालकांची नक्कल करत होता: मालक गंभीर भाषण देतात, मध्येच माईकमध्ये प्रचंड शिंकतात आणि साऱ्या संघाच्या कानठळ्या बसतात. मालिकावाल्यांनी रेसरला कापलं आणि उरलेलं हसू त्याच्याच अपघाताला चिकटवलं. खऱ्या अपघाताच्या वेळी हा काय करत होता, ते संघाच्या स्वयंपाक्याने बहिणीला आधीच सांगितलं होतं. नवं चाक छातीशी धरून उभा होता. गाडी येणार नाही हे कळल्यावरही खाली ठेवेना, शेवटी दोघांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. ते कोण दाखवणार?

आणि मग प्रेक्षक. हा शब्द लिहितानाही माझं तोंड कडू होतं. मालिकेखाली लोक लिहीत होते, याला आई नसेल, याचाच पाय मोडायला हवा होता. एका महाभागाने लिहिलं होतं की मालिका जरा संथ आहे, अजून दोन-चार अपघात हवे होते. आणि त्याच माणसाने खाली आमच्या माणसाला निर्दय म्हटलं होतं. जन्मात चाकाला हात न लावलेले उंटावरचे शहाणे. शिसारी आली मला. पुढे तर औषधाच्या दुकानात रांगेत पुढे असलेल्या बाईचा फोन वाजला, आणि त्यातून माझ्या बहिणीचा नवरा हसला. ते हसू लोकांनी रिंगटोन करून ठेवलं होतं. बाईने शांतपणे फोन कानाला लावला आणि म्हणाली, हो गं, गोळ्याच घेतेय. मी औषध न घेताच बाहेर आले.

नंतरच्या शर्यतींत हा चाक घेऊन पुढे झाला की लोक शिट्ट्या मारायचे, बाटल्या फेकायचे. जाहिरातदार कुरकुरू लागले तशी मालकांनी त्याला गोदामात पाठवलं, चाकं पुसून रचायला. ते म्हणाले, रेसरला एकदा खरं काय ते सांगू दे, लोक त्याचंच ऐकतील, मग तू चाकावर परत ये.

म्हणजे सगळं त्या एका पोराच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं, आणि तो मूग गिळून बसला होता. मालिकेने त्याला डोक्यावर घेतलं होतं. मुलाखतीत त्या हसणाऱ्या माणसाबद्दल विचारलं की मान खाली घालून म्हणायचा, मी सगळ्यांना माफ केलंय. माफ केलंय म्हणे! टीव्हीवर चप्पल फेकून मारावीशी वाटली मला.

एका रविवारी संध्याकाळी तोच बहिणीच्या दारात उभा. काठी टेकत तीन मजले चढून आला होता, हातात फळांची पिशवी. बहिणीने चहा दिला, पण ती बसली नाही. तो सांगत राहिला की मालिकेचा पुढचा हंगाम चालू आहे, आत्ता काही बोललं तर तिकडची मंडळी बिथरतील, त्याचे हात बांधलेले आहेत.

"दादा, खरं काय ते आपल्या दोघांना माहितीये ना," तो म्हणाला. "मग बास की."

आणि त्या पोराने काठी माईकसारखी तोंडाशी धरली आणि मालकांचं भाषण सुरू केलं, मध्येच ती शिंक. हुबेहूब होती. माझेही ओठ हलले, आणि मला माझीच किळस आली. मागच्या डाव्याचे खांदे एकदाच हलले. मग त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले.

"काय रे दादा, हसत नाहीस?"

"आधी बाहेर सांग," तो म्हणाला. "मग हसतो. हवं तेवढं."

रेसर कपात बघत राहिला. मग खाली गाडी थांबलीये म्हणाला आणि उठला. जिन्यातला दिवा गेलेला. मला विचाराल तर मी त्याला एकट्याला जाऊ दिलं असतं, गडगडत गेला असता तरी. पण मागचा डावा उठला, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याच्या एक पायरी पुढे राहून त्याला उतरवू लागला. मी कठड्यावरून वाकून बघत होते. सावकाश, आता दुखरा पाय टाक, सावकाश, असा त्याचा आवाज वर येत होता.

खाली दाराशी कुठून तरी बातमी लागलेली पोरं फोन सरसावून उभी होती. शेवटच्या वळणावर रेसरने याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला, केस सारखे केले आणि एकटाच काठी टेकत उजेडात गेला. पोरांनी एकच गलका केला. आमचा मागचा डावा तिथेच भिंतीला चिकटून अंधारात उभा राहिला, गाडी निघून जाईपर्यंत.