कोरा चहा चालेल

गेल्या रविवारी आत्याकडे गेलो होतो. उमरखेडच्या अलीकडे आहे तिचं गाव. सकाळची एसटी, खिडकीजवळची जागा आणि बाहेर नुसतं धुकं... महागाव गेल्यावर त्यातून कपाशी दिसायला लागली. धुकं कुठे संपतं आणि कापूस कुठे सुरू होतो तेच कळेना. मी अर्धा जागा, अर्धा झोपेत.

मामाजींना भेटायला चाललो होतो. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाजी म्हणतो. दिवाळीनंतर त्यांची तब्येत इतकी बिघडली की आम्ही सगळे यवतमाळच्या दवाखान्यात जमा झालो होतो, आणि कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. त्यातून ते उठले आणि आता घरी आले होते.

तर, मी वर्षभरापासून दूध सोडलंय. मटण त्याआधीच सुटलं होतं, त्याचं कोणाला विशेष वाटलं नाही. पण दूध सोडलं म्हटलं की लोकांना आपली काळजीच वाटायला लागते...

लोहाऱ्याला कंपनीत विचारतात, डॉक्टरांनी सांगितलं का? शेजारच्या काकूंची खात्री आहे की मी कोण्या बुवाच्या नादी लागलो. कोणी समजावतं की तूप म्हणजे काही दूध नव्हे, आणि कढी तर चालतच असेल ना. राजूरचा माझा मित्र कोळसा खाणीत आहे. त्याला फोनवर सांगितलं, व्हेगन झालो. तो म्हणे, "वॅगन? आमच्याकडं लय हायेत, एखादी घेऊन जाय."

हसून सोडून देतो मी. पण खरं सांगू? लोकांच्या घरी जायचं जिवावर यायला लागलं होतं. आपल्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे त्या घरालाच नाही म्हणणं. आणि आत्याकडे तर मी लहानपणी अख्खे उन्हाळे काढलेत. तिथेही आता आपण पाहुणे होऊन बसू की काय, याची धास्ती एसटीत बसल्यापासून होती.

अंगणात मामाजी खाटेवर ऊन खात बसले होते. फार वाळलेत. माझा हात धरून त्यांनी मला खाटेवर शेजारी बसवलं... मग आत्याने चहा ठेवायला घेतला. दुधाचं भांडं तिच्या हातात दिसलं आणि मी घाईघाईने बोलून गेलो, "आत्या, मला कोरा चहा चालेल."

तिचा हात होता तिथेच थांबला.

मग माझ्या लक्षात आलं... ऑफिसात, टपरीवर कोरा चहा मागून मागून मी विसरूनच गेलो होतो. आमच्याकडे कोरा चहा मयतीच्या घरी होतो. माणूस पोचवून आले की शेजारपाजारचे किटलीत घेऊन येतात, बिनदुधाचा. आणि मी तो कुठे मागितला, तर दवाखान्यातून नुकत्याच परतलेल्या माणसाच्या खाटेवर बसून.

आत्या रागावली नाही. भांडं खाली ठेवून हळूच म्हणाली, "माहा माणूस आत्ताच घरी आला, बाबू. या घरात कोरा चाहा नाही होत."

मामाजींनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "मी आहो ना अजून. देऊन टाक त्याले." आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने गोधडीची दशी ओढत बसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, घ्यावा आज दुधाचा, एका कपाने काय होतंय. तसं म्हणणारच होतो, तर आत्या मागच्या दाराने परसात गेलेली.

बराच वेळ आली नाही. ऊन अंगणात सरकत होतं, धुराचा वास येत होता, शेजारी कोणीतरी तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्या होत्या. मामाजींचा डोळा लागला. क्षणभर मला वाटलं, मी आठ-दहा वर्षांचाच आहे, सुट्टी लागलीय आणि घरी जायला अजून खूप दिवस आहेत...

आत्या आली ती गवती चहाची मूठभर पाती घेऊन. दव तसंच होतं त्यांच्यावर. पाती चुरगळून उकळत्या पाण्यात टाकली, वरून गुळाचा खडा. माझ्यासमोर कप ठेवत म्हणाली, "घे. पाती टाकली हाये याच्यात. आता याले कोरा नाही म्हणत."

मी कप तोंडाशी नेला. चहाच्या वाफेने डोळ्यात पाणी आलं असं दाखवलं, पण तिला काय कळायचं ते कळलंच. तेवढ्यात मामाजी जागे झाले आणि घोटभर मागायला लागले. त्यांच्या हातात तिने निम्म्याहून जास्त दूध घातलेल्या चहाचा कप दिला.

वर्षभर जो भेटला त्याने मला विचारलं, काहून सोडलं? आत्याने अजूनही विचारलेलं नाही.

निघताना तिने गवती चहाचं एक ठोंब मातीसकट उपटून पिशवीत दिलं. म्हणाली, कोणाच्या घरी गेला तर दोन पाती खिशात ठेवत जाय, पण कोरा मांगत नको जाऊ. ते ठोंब आता आमच्या गॅलरीत रंगाच्या जुन्या बादलीत लावलंय. चार दिवस मान टाकून होतं... आज सकाळी त्याला नवी पात दिसली.

लगेच आत्याला फोन लावला. मामाजी काय करतात, विचारलं.

"चाहा घेऊन राह्यले," ती म्हणाली. "दुधाचा."